शिक्षकांनी न वाचलेले निवेदन

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचे एक लहान गाव आहे. १८ ऑक्टोबर २००४ रोजी तेथील निर्वाचित शाळा मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी एक ठराव मंजूर केला. डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतातील उणिवांची आणि 'इंटेलिजंट डिझाइन'सह अन्य सिद्धांतांची विद्यार्थ्यांना जाणीव करून द्यावी, असे त्यात म्हटले होते. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, हे इंटेलिजंट डिझाइनचे म्हणणे. ठरावापाठोपाठ नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात वाचण्यासाठी एक छोटे निवेदन तयार झाले. डार्विनचा सिद्धांत म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, त्यात पुराव्याविना राहिलेल्या जागा आहेत आणि ज्यांना दुसरी बाजू वाचायची असेल त्यांच्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक उपलब्ध आहे, असा त्याचा आशय होता.

तेथील विज्ञान शिक्षकांनी हे निवेदन वाचण्यास लेखी नकार दिला. आपल्या विषयाचे जाणूनबुजून विपरीत चित्र विद्यार्थ्यांपुढे उभे करायचे नाही, हे त्यांच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत लिहिलेले होते आणि त्यांनी त्याच कलमाचा आधार घेतला. अखेर जानेवारी २००५ मध्ये शाळेच्या प्रशासकांनाच वर्गात येऊन निवेदन वाचावे लागले. मी स्वतः दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे या संपूर्ण प्रकरणात माझे मन सर्वांत जास्त त्या नकारापाशी थांबते. नोकरी देणाऱ्या मंडळाला 'हे आम्ही वाचणार नाही' असे सांगणे कोणत्याही गावातल्या शिक्षकाला सोपे नसते.

त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, अकरा पालक न्यायालयात गेले होते. हॅरिसबर्ग येथील संघीय न्यायालयात २६ सप्टेंबर २००५ पासून सुमारे सहा आठवडे सुनावणी चालली. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केली होती आणि स्वतः बुश यांनी त्याच वर्षी दोन्ही बाजू शिकवाव्यात असे मत व्यक्त केले होते.

'दोन्ही बाजू शिकवा' ही मागणी ऐकायला न्याय्य वाटते आणि म्हणूनच तिचे उत्तर नीट द्यायला हवे. विज्ञानात नव्या कल्पनेचा एक क्रम ठरलेला असतो. ती आधी संशोधकांपुढे जाते, तेथे तपासली जाते, खोडली जाते किंवा टिकते आणि टिकल्यानंतर, बहुधा पुष्कळ वर्षांनी, पाठ्यपुस्तकात येते. डोव्हरच्या मंडळाला मधले सर्व टप्पे वगळून थेट चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचायचे होते. जे तज्ज्ञांपुढे सिद्ध करता आले नाही त्याचा निवाडा मुलांनी करावा, असे म्हणणे हा मुलांवरच अन्याय आहे.

न्यायालयात मात्र ही तपासणी झाली. मानवात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, तर चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. या सर्वांचा पूर्वज एकच असेल, तर मानवाची एक जोडी गेली कोठे? ती नुसती नाहीशी होणे शक्य नाही, कारण तिच्यातील असंख्य जनुकांवाचून जीव जगणार नाही. म्हणजे दोन गुणसूत्रे जोडली गेली असली पाहिजेत आणि त्या जोडाच्या खुणा आजही सापडल्या पाहिजेत. जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी साक्षीत दाखवले की या खुणा मानवाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर सापडतात: एरवी केवळ टोकांना आढळणारा डीएनएचा क्रम तेथे मध्यभागी आहे आणि दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे (प्रत्येक गुणसूत्रावर एरवी एकच असणाऱ्या आकुंचित भागाचे) अवशेषही आहेत. या खुणा सापडल्या नसत्या, तर उत्क्रांतीचा सिद्धांत खरोखर अडचणीत आला असता. मला शास्त्रीय सिद्धांताची याहून चांगली ओळख ठाऊक नाही. तो आपण कोठे खोटे ठरू शकू ते स्वतःच सांगतो.

प्रतिवादी मंडळाचे प्रमुख साक्षीदार मायकेल बीही यांचा भर जिवाणूच्या कशाभिकेवर, म्हणजे पोहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शेपटीसारख्या अवयवावर, होता. तिचा एक भाग जरी काढला तरी ती निकामी होते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडलेली असू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. परंतु कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या काही प्रथिनांसारखीच प्रथिने प्लेगच्या जिवाणूमध्ये यजमान पेशीत विष टोचण्याचे काम करतात. पूर्ण यंत्र नसतानाही त्याचे तुकडे अन्य कामी येतात, हे यावरून दिसते. उलटतपासणीत बीही यांनी हेही मान्य केले की, शास्त्रीय सिद्धांताच्या त्यांच्या व्याख्येत फलज्योतिषही बसेल.

यापेक्षाही निर्णायक पुरावा कागदपत्रांतून निघाला. शाळांमध्ये 'सृष्टिनिर्मितीचे विज्ञान', म्हणजे ईश्वराने सृष्टी निर्माण केली ही धार्मिक श्रद्धा विज्ञान म्हणून, उत्क्रांतीच्या बरोबरीने शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. 'पांडाज'च्या जुन्या मसुद्यांची त्यानंतरच्या मसुद्यांशी तुलना केल्यावर आढळले की, सुमारे दीडशे ठिकाणी सृष्टिनिर्मितीवाचक शब्द काढून तेथे इंटेलिजंट डिझाइन बसवले होते. एके ठिकाणी तर जुना शब्द पुरता पुसलाच गेला नव्हता आणि दोन्ही शब्दांची अर्धीमुर्धी सरमिसळ तशीच राहिली होती.

२० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि ते शिकवणे, शासनाने कोणत्याही धर्माचा पुरस्कार करू नये असे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा भंग आहे, असे त्यात नोंदवले आहे. त्यापूर्वीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, डोव्हरच्या मतदारांनी धोरणाच्या समर्थक सदस्यांना घरी पाठवले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही. मात्र पालकांच्या वकिलांच्या खर्चापोटी दहा लाख डॉलर भरणे त्याच्याच वाट्याला आले.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, हे त्यांचे कारण होते. देशातील तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्रितपणे त्याचे खंडन केले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, परंतु दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांपर्यंत तो कधीच पोहोचणार नाही, ही माझ्या मते फार मोठी हानी आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे, याचे मला समाधान वाटते.

डोव्हरचे निवेदन इंग्रजीतील 'थिअरी' या शब्दाच्या दुहेरी अर्थावर उभे होते, कारण तो शब्द बोलीत नुसत्या तर्कालाही वापरतात. मराठीतील 'सिद्धांत' या शब्दात तशी फट नाही. विचाराअंती जे सिद्ध झाले तो सिद्धांत. आपली फट दुसरीकडे आहे. 'उत्क्रांतिवाद' म्हटले की तो साम्यवाद किंवा गांधीवाद यांसारखा एक पक्ष वाटू लागतो आणि मग प्रतिपक्ष कोठे आहे, असे विचारणे स्वाभाविक ठरते. या वर्षी पाठ सुरू करताना मी फळ्यावर केवळ 'उत्क्रांती' असे लिहिले आणि त्याखाली दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र काढून, जोड कोठे असेल ते मुलांना शोधायला सांगितले.