तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी खाली केलेली आहे का, हे कसं ओळखायचं?

सेकंडहँड गाडी बघायला निघालेला माणूस आमच्या अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या, दुकानात डोकावला, की हमखास विचारतो, "दादा, गाडी खाली केलेली असली तर कळतं काय ओ?" खाली केलेली म्हणजे रिकामी नव्हे, स्प्रिंगा कापून किंवा बदलून जमिनीजवळ आणलेली. कळतं. बेळगावच्या बाजारात गाड्या चहूकडून येतात. गोवा पासिंग, कोल्हापूरची एमएच ०९, पुण्याची, हुबळीची. कुणा पोरानं हौसेनं गाडी खाली करून गुळगुळीत रस्त्यावर मिरवलेली असते. आपल्याला तीच घेऊन जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा असतो, नाहीतर घरची पाच माणसं आणि जेवणाचे डबे घालून सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं असतं.

मी प्रश्न थोडा बदलून देतो. गाडी आज खाली आहे का, एवढंच बघू नका. ती पूर्वी कधी खाली केली होती का, हे हुडका. विकायच्या आधी मूळ स्प्रिंगा परत चढवणारे बरेच असतात.

बहुतेक जण टायर आणि मडगार्डच्या फटीत बोटं घालून बघतात. बोटांवर माझा विश्वास नाही. स्विफ्टच घ्या. २०१८ च्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो, त्याची त्रिज्या साधारण ३१० मिलिमीटर. दिसायला छान म्हणून कुणी १९५/५० आर १५ घातला, की ती २८८ वर येते. स्प्रिंगला हातही न लावता गाडी २२ मिलिमीटर खाली आली, आणि मडगार्डखालची फट मात्र वाढली! बोटं म्हणणार गाडी उंच आहे, आणि सायलेन्सर प्रत्येक स्पीडब्रेकरला घासणार. मोठा टायर घातला तर नेमकं उलटं.

म्हणून टेप चाकाच्या मधोमध धरायची आणि सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत न्यायची. या मापात टायर येतच नाही. जागा सपाट हवी, गाडी रिकामी, चाकं सरळ. आणि गाडी जॅकवरून नुकतीच उतरवलेली नको. चार हात पुढं-मागं ढकलल्याशिवाय ती नीट बसत नाही, तोवर उंचच दिसते. मग तेच माप त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या, हात न लावलेल्या गाडीवर घ्या. डिझेलचं इंजिन जड, त्याच्या स्प्रिंगा वेगळ्या, त्यामुळे पेट्रोलशी तुलना करून उपयोग नाही. बेळगावात दुसरी स्विफ्ट हुडकायला लांब जावं लागत नाही.

दोन्ही बाजूंनी सारखाच तीस-चाळीस मिलिमीटरचा फरक निघाला, तर ते माणसाचं काम. एकच कोपरा बसलाय किंवा नुसती मागची बाजू दबलीय, तर बहुधा वय आणि ओझं. डिकीत खताची पोती वाहिलेल्या गाड्या इकडं कमी नाहीत. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबलेला असेल, तर तो गाडीला उचलून धरतो, ती उंची हिशेबात धरूच नका.

आता स्प्रिंग. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, मोबाइलची बॅटरी लावा आणि चाकामागं बघा. कंपनीच्या स्प्रिंगवर जाड काळा रंग असतो, बऱ्याचदा रंगाचे छोटे पट्टेही असतात, आणि तिचं शेवटचं टोक खालच्या वाटीत नेमक्या खाचेला टेकलेलं असतं. ग्राइंडरनं कापलेल्या स्प्रिंगचं टोक सपाट, धारदार, तिथं रंग नाही, नुसता गंज. आणि ते खाचेपर्यंत पोचत नाही. गॅसनं तापवून दबवलेली असेल तर वेढ्यांवर रंगाचे फोड दिसतात. ही दुसरी जात जास्त वाईट, कारण तापवलेल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, जातो आणि ती पुढं बसतच राहते. चाक जॅकवर उचललं की कापलेली स्प्रिंग वाटीत सैल पडते, हातानं फिरते. फक्त जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका, बाजूनंच बघा.

आणि मूळ स्प्रिंगा परत चढवल्या असतील तर? "एल्ला ओरिजिनल ऐत्री," म्हणजे सगळं ओरिजिनल आहे, असं विकणारा कानडीत छातीठोकपणे सांगतो, आणि त्या दिवशी ते खरंही असतं. पण खाली असताना झालेल्या जखमा कुणी भरत बसत नाही. शॉकअपच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीच्या, दांड्यावरचा स्टॉपर रबर कापलेला किंवा भुगा झालेला असतो. मडगार्डच्या आतलं, चाकावरचं प्लॅस्टिक एका पट्ट्यात घासून चकचकीत झालेलं असतं. टायर बाहेरून नवा दिसतो, आतल्या कडेवर तळवा फिरवला की गुळगुळीत लागतो, कारण गाडी खाली बसली की चाकं वरच्या बाजूनं आत झुकतात. आपल्याकडच्या खड्ड्यांनी अलाइनमेंट बिघडूनही आतली कड जाते, त्यामुळे नुसत्या टायरवरून आरोप करू नका. तिन्ही खुणा एकत्र सापडल्या तर शंका नको.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मूळ बनावटीत केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बाहेरच्या राज्यातली गाडी घेतली, की एनओसी (ना हरकत दाखला) आणून नव्यानं नोंदणी करताना आरटीओसमोर तुम्हीच उभे असता, तो पोरगा नव्हे.

मूळ स्प्रिंगा परत चढवलेली गाडी मी नाकारा म्हणत नाही. स्टॉपर, शॉकअप आणि टायरचे पैसे किमतीतून कापून घ्या. स्प्रिंग कापलेली किंवा तापवलेली असेल, तर भावही न करता परत फिरा. तसल्या गाडीचं अलाइनमेंट महिन्या-दोन महिन्यांनी करावं लागतं. त्याचे पैसे मलाच मिळतात, तरी सांगतोय.