मानपान आणि रुसवेफुगवे

इटालियन संगीतकार डोनिझेट्टीच्या एका विनोदी ऑपेराचं नाव आहे 'ले कॉन्वेनिएन्झे एद इन्कॉन्वेनिएन्झे तेआत्राली'. शब्दकोश हाताशी धरून मराठी केलं तर सरकारी परिपत्रकाचा विषय वाटतो. पण 'कॉन्वेनिएन्झे' म्हणजे पहिली गायिका कोण, दुसरी कोण, कुणाच्या वाट्याला किती गाणी, कुणी कुणासोबत गायचं याचे अलिखित नियम. थोडक्यात, लग्नातले मानपान. मग पुढचा शब्द आपोआप सुचतो.

हे प्रहसन 1827 च्या नोव्हेंबरात नेपल्सच्या तेआत्रो नुओवोत आलं. तिशी गाठायला आठवडा बाकी असलेल्या डोनिझेट्टीने सोग्राफी या नाटककाराच्या जुन्या नाटकावरून संहिताही स्वतःच बेतली. गोष्ट एवढीच, की गावातल्या थिएटरात एका गंभीर ऑपेराची तालीम चालू आहे आणि ती काही केल्या पुढे सरकत नाही. पहिली गायिका कोरिल्ला दुसरीबरोबर द्वंद्वगीत गायला तयार नाही. तिचा नवरा तिच्या मोठेपणाचे नगारे वाजवत फिरतो. आणि मग येते दुसरीची आई, मामा आगाता. (इटालियनमध्ये 'मामा' म्हणजे आई.)

ही आई गातो पुरुष, तोही भारदस्त खर्जातला. आपल्याकडे पुरुषांनी स्त्रीभूमिका केल्या तेव्हा बायकांनी त्यांच्यासारखं नेसावं अशी त्यांची ऐट होती. इथे मात्र झग्यातून मिशी डोकावली तरी चालेल, असा मामला. गायक मंडळी पळून जातात, तशी आगाता स्वतःच भूमिका घेते आणि रॉसिनीच्या 'ओतेल्लो' या ऑपेरामधलं डेस्डेमोनाचं करुण गाणं म्हणायला लागते. मूळ ओळ विलोच्या झाडाखाली बसलेलीची. हिच्या तोंडी 'सालिचे'चं 'साक्को' होतं आणि नायिका झाडाऐवजी पोत्याच्या पायथ्याशी बसते. 'ओतेल्लो' नेपल्समध्येच 1816 साली आलं होतं, त्यामुळे प्रेक्षकांना हे पोतं समजावून सांगायची गरज पडली नसणार.

मला हा ऑपेरा बघताना हसू आलं, पण थोडं दबकतच. सोसायटीच्या गणपतीत मी एकदा मुलांचं नाटक बसवलं होतं. तिसऱ्या तालमीला एक आई वही घेऊन आली.

"दादा, आमच्या हिला 14 वाक्यं, आणि त्या राणीला 19?"

"अहो, ती राणी आहे."

"आणि ही प्रधानाची मुलगी आहे ना? प्रधान काय मुका असतो?"

यावर मला काही सुचलं नाही. मी पाच वाक्यं वाढवली. 'कोण आहे तिकडे?', 'आलेच हं', 'नाही, नाही!' अशी. पाचवं तर नुसतं 'अगंबाई!' होतं. ते तिने मोजलं, खूण केली, वही मिटली. दुसऱ्या दिवशी राणीची आई आली, ते सांगत नाही.

प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या प्रवेशात लाइट गेले. जनरेटर लागला, तोही फक्त रंगमंचापुरता. विंगेत मी संहिता नाकाला लावून उभा, अक्षर दिसेना. राणी मध्येच अडकली. तेवढ्यात माझ्या मागून कुजबुज आली, राणीचं वाक्य, एकही शब्द न चुकता. मग राजाचं. मग शिपायाचं. प्रधानाच्या मुलीची आई अंधारात उभी राहून सगळं नाटक सांगत होती, आणि मुलीच्या वाक्याची वेळ आली तेव्हा तेवढी गप्प बसली.

'अगंबाई!'ला टाळी पडली.