११२ पायऱ्या आणि ४,५०० रुपये जादा

कॅम्पच्या फाटकापासून तंबूंपर्यंत ११२ पायऱ्यांची पाखाडी आहे, हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. तीन वेळा फोन केला होता. ‘ताई, आमच्याकडे सगळ्या प्रकारची मुलं येतात, काळजीच करू नका,’ हे तिन्ही वेळा ऐकलं. दापोली तालुक्यातला समुद्रकाठचा कॅम्प, डिसेंबरच्या सुट्टीतले सहा दिवस आणि आमचा सोळा वर्षांचा लेक. त्याला डाउन सिंड्रोम आहे. आमच्याशिवाय पहिल्यांदाच राहणार होता, म्हणून आम्ही जवळच खोली घेतली होती.

पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची उतरती वाट. दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगडांचे बुटके बांध, धरायला कठडा नाही, एका पायरीची उंची दुसरीला मिळत नाही आणि वर वाळका पाला. चढण त्याला जमते. उतरताना मात्र खोलीचा अंदाज येत नाही, सांधे सैल आहेत, आणि एकदा पाय सटकला की तो बसकण मारतो. सातव्या पायरीवरच बसला. मागे मुलांची रांग, वरून कुणीतरी ‘चला चला’ ओरडतंय. त्या ओरडण्यानं तो आणखी घट्ट बसला. शेवटी मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. मग त्याच्याकडे तोंड करून मी उलटी उतरत गेले आणि त्याच्या बाबांनी मागून खांदा धरला. पन्नास मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या खडूची जाड रेघ मारली आणि तेवढ्यानं निम्मी भीती गेली. खडू घरून घेऊन जा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फोनवर ‘सोय आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. फाटकापासून झोपायच्या जागेपर्यंत चालत जाऊन व्हिडिओ काढून पाठवा, असं सांगा. पाठवला नाही तर तिथे जाऊ नका.

घामाघूम होऊन खाली पोचलो, तर ‘स्पेशल मुलांना हेल्पर लागतो, त्याचे ४,५०० वेगळे.’ आधी चकार शब्द नाही. मूल खाली उतरवून झालेलं, परत कोण चढवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. भरले. संध्याकाळी कळलं की हा हेल्पर सकाळी स्वयंपाकघरात आणि रात्री भांड्यांवर असतो. पोरगा गुणी, त्याच्यावर माझा राग नाही. पण ही लूटच आहे. मी कार्यालयात ठाण मांडून बसले, २,००० परत घेतले आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या: रात्री त्याच्या तंबूत कोण झोपणार, पाण्यात त्याचा हात कोण धरणार, गोळी कोण देणार. तुम्ही हे पैसे भरण्याआधी लिहून घ्या.

गोळीचं सांगते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी लागते. पहिल्या सकाळी ती चहाबरोबरच दिली. मग मी रोजची गोळी तारीख घालून वेगळ्या पुडीत बांधून दिली.

बनाना राइडला, म्हणजे बोटीमागे ओढतात त्या फुगवलेल्या लांब नावेला, साफ नाही म्हणायचं. शेवटी ती मुद्दाम उलटवतात, आणि डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. कोलांटउड्याही नकोत. निघण्याआधी डॉक्टरांशी मानेबद्दल बोला. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव त्याला सोसला नाही. कान दाबून उभा होता. बाकीचे दिवस वाळूत, शिंपल्यांत मजेत गेले.

प्रवास रेल्वेनंच करा. सुट्टीत मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला गाड्या तुंबतात, त्यात अशा मुलाला घेऊन अडकू नये. आम्ही ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसनं खेडला उतरलो, पुढे दापोलीपर्यंत तीसेक किलोमीटर वळणावळणाचा रस्ता. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर स्लीपरला मुलाला ७५ टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. पण रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढा, ऑनलाइन तिकिटाला त्याचाच क्रमांक लागतो. आणि पहिल्या वेळी मूल सोडून घरी परतू नका. आमची खोली त्यासाठीच कर्दे गावात होती.

सहाव्या दिवशी सामान वर आणलं आणि त्याच्या लक्षात आलं, टोपी तंबूत राहिली. मी उठेपर्यंत तो निघालासुद्धा. हेल्पर पोरगा त्याच्यामागे दहा पायऱ्या सोडून, हात न लावता. रेघा निम्म्या पुसल्या होत्या. मी वरून एकेक पायरी मोजत होते. सत्तरच्या पुढे तो माडांआड गेला आणि मला काही दिसेना. मग खालून त्याची हाक आली, ‘आई, मिळाली!’

पुढच्या डिसेंबरचं नाव मी तिथेच घातलं. हेल्परचे पैसे किती आणि तो दिवसभर कुणाबरोबर राहणार, हे आधी पावतीवर लिहून घेतलं.