दस्ता सरळ हवा की गालाला उंच?

तुम्ही दस्त्याबद्दल, म्हणजे रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाबद्दल, विचारलंत म्हणून लिहितो. दुकानात येणारा असो नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला, प्रश्न एकच. "मिस्त्री, मोठ्या रायफलला दस्ता कसला बरा? धक्का कशानं कमी बसतो?" विचारणाऱ्यांत काही जुन्या घरातले, आजोबांची रायफल रीतसर आपल्या लायसनवर चढवून घेतलेले. काही पीक संरक्षणाच्या लायसनवाले. आणि हल्ली तिसरी जात निघालीय: प्लॉटिंगमध्ये पैसा झालेली मंडळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडची शिकार बंद केली, तेव्हा हे नामिबियाला जाऊन परवान्यानं शिकार करतात आणि तिथल्या भाड्याच्या रायफलीनं खांदा काळानिळा करून संभाजीनगरला उतरतात.

मी सगळ्यांना उलटा प्रश्न विचारतो. नेम कशातून धरता? मक्खीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीवरून, की दुर्बिणीतून? याचं उत्तर मिळेपर्यंत दस्त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

धक्का किती बसणार हे काडतूस आणि रायफलीचं वजन ठरवतं. आपल्याकडची .३१५ घ्या (हा आकडा म्हणजे ढोबळमानानं नळीचं आतलं माप, बोअर, इंचात): गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. आफ्रिकेत ज्याला त्याला देतात ती .३७५ हॉलंड अँड हॉलंड, १९१२ सालची. गोळी ३०० ग्रेनची, वर वेगही जास्त. नेहमीच्या वजनाच्या रायफलींतून दोन्ही उडवल्या तर .३७५ चा धक्का जवळपास दुप्पट. दस्ता कुठलाही लावा, यातलं काही कमी होत नाही. तो धक्का तुमच्या अंगाला कुठं लागणार, एवढंच दस्ता ठरवतो. खांद्यात सरळ मागं गेला तर माणूस सोसतो. गालाच्या हाडावर आला की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात.

जुन्या इंग्रजी डबल, म्हणजे दोन नळ्यांच्या, रायफली बघा. दस्ता मागं चांगलाच उतरता, टाच, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं टोक, नळीच्या रेषेच्या बरीच खाली. उभं राहून, मान ताठ ठेवून, उघड्या मक्खीवरून झटकन नेम लागावा म्हणून तो तसा केलेला. (यांतल्या बऱ्याच .४६५ किंवा .४७० च्या निघतात, कारण इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात .४५० ला बंदी घातली आणि विलायती कारखानदारांनी शेजारचे बोअर काढले.) टाच खाली असली की गोळी उडाल्यावर नळीचं तोंड वर उसळतं आणि दस्त्याची वरची कड गालावर येते. पण पाच किलोच्या आसपासचं वजन ते बरंच गिळतं. म्हणून ती रायफल जशी केली तशी वापरली तर वाईट नाही. वाट लागते ती तिच्यावर दुर्बीण बसवल्यावर. दुर्बीण उंच, दस्ता खाली. गाल लाकडावर टेकतच नाही, हनुवटी टेकते. मग धक्का थेट जबड्यात. माझ्याकडं "दस्ता खराब आहे" म्हणून येणाऱ्या रायफलींत ही तऱ्हा सगळ्यांत जास्त. दस्त्याचा काही दोष नसतो.

जर्मन पाठदार दस्ता, मधे फुगून मागं उतरलेला, दिसायला मला फार आवडतो. ७×५७ माऊझरसारख्या सौम्य धक्क्याच्या रायफलीवर तो शोभतोही. .३७५ वर मी तो बसवून देत नाही. टाचेचा उतार तिथंही आहेच, आणि एवढ्या काडतुसाला तो भोवतो.

आता माँटे कार्लो. गालाखाली उंचवटा, टाचेपाशी पायरी. अमेरिकेत रायफली बनवणाऱ्या रॉय वेदरबी यांनी कॅलिफोर्नियात ही ढब गाजवली. त्यांच्या दस्त्यातली खुबी उंचवट्यात नाही, त्याच्या उतारात आहे: गालाखालची कड पुढं नळीकडं खाली जात जाते. रायफल मागं सरकली की गालाखाली दस्त्याचा जास्त खालचा भाग येतो, लाकूड गालापासून सुटतं. नकला करणारे नेमकं हेच विसरतात. परवा एक गृहस्थ असाच दस्ता घेऊन आले. नळीवर स्टीलची पट्टी ठेवली, मागं लांब काढली, आणि पट्टीपासून लाकडापर्यंतचं अंतर दोन ठिकाणी मोजलं, कडेच्या पुढच्या टोकाला आणि उंचवट्याच्या मागच्या टोकाला. पुढं कमी, मागं जास्त. म्हणजे उतार उलटा. दर गोळीला दस्ता पाचरीसारखा गालाखाली घुसणार. ते म्हणाले, "तरीच की हो! मला वाटलं मीच कच्चा हाय."

दुर्बीण असेल तर माझी पसंती साध्या सरळ दस्त्याला. कड जवळपास नळीच्या रेषेत, टाच फारशी खाली नाही, नक्षी नाही, पायरी नाही. धक्का सरळ मागं जातो. फक्त त्यावर उघड्या मक्खीची हौस करू नका. गाल कितीही दाबला तरी डोळा खाली येणार नाही.

बाकीच्या गोष्टी दस्त्याच्या ढबीइतक्याच महत्त्वाच्या, पण त्या कुणी विचारत नाही. टाचेची पट्टी रुंद हवी. जुन्या रायफलींना अरुंद पोलादी पट्टी असते, किंवा असं रबर की आपल्याकडच्या ४४ अंशांच्या उन्हाळ्यात वाळून त्यात नखही रुतत नाही. ते काढून नवीन मऊ पॅड घाला. लांबी, म्हणजे चापापासून टाचेपर्यंत, कारखाने साधारण साडेतेरा इंच ठेवतात. आखूड असेल तर अंगठ्याचं पेर नाकावर बसतं आणि दुर्बिणीची कड भुवई फोडते. लांब असेल तर टाच खांद्याच्या खोबणीतून सरकून दंडावर जाते. जाड जॅकेट घालणार असाल तर ते घालूनच माप द्या. मोठ्या बोअरला पट्ट्याची पुढची कडी लाकडावर नको, नळीवर हवी, नाहीतर पुढच्या हाताची बोटं सोलून निघतात.

लाकडाचं सांगायचं तर, गावचा सुतार सागवानाचा दस्ता हौसेनं करून देईल. घेऊ नका. सागवान धक्क्यानं रेषेवर चिरतं. अक्रोड घ्या, आणि मुठीपाशी रेषा आडव्या न जाता लांबीच्या दिशेनं जातायत ना ते उजेडात धरून बघा.

आणि पैसे घालवायच्या आधी एक करा. रायफल दोनदा तपासून रिकामी करा, तोंड सुरक्षित दिशेला. डोळे मिटा, सवयीनं खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा, मग डोळे उघडा. मक्खी किंवा दुर्बिणीतलं पूर्ण वर्तुळ समोर आलं तर दस्ता तुमचाच आहे, त्याला हात लावू नका. मान ताणावी किंवा दाबावी लागली तर आधी गालाखाली चामड्याचे थर बांधून उंची ठरवा. रंधा त्यानंतर.