तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा हातात एवढं जड पिस्तूल कशाला?

प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत विचारतो, पण प्रश्न एकच असतो. "हे धूड झेपतं का हो तुम्हाला?" "बायकांसाठी छोटी, हलकी मिळतात ना?" "मनगट नाही का भरून येत?" नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या लेनमधले अनोळखी लोक विचारतात, घरचे विचारतात, आणि ज्यांनी जन्मात पिस्तूल हातात धरलेलं नाही तेही काळजीने विचारतात. आजवर मी "सवय झालीये" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मी कागदावरच्या काळ्या वर्तुळावर गोळ्या मारते, हौस म्हणून. स्वसंरक्षण, पर्समध्ये बाळगणं, रात्री उशाशी ठेवणं हा माझा विषय नाही. "छोटं घ्या" म्हणणाऱ्यांची गल्लत इथेच होते. छोटं पिस्तूल कपड्याखाली लपावं म्हणून छोटं केलेलं असतं. ते दिवसभर बाळगायचं आणि शक्यतो कधीच झाडायचं नाही, असा त्यामागचा हिशेब. मला तासभर उभं राहून गोळीमागून गोळी मारायची असते आणि काहीही लपवायचं नसतं. मग लपवण्याची किंमत मी का मोजू?

किंमत मोजावी लागते ती धक्क्यात. माझं पिस्तूल .22 चं, म्हणजे सुमारे 0.22 इंच जाडीच्या गोळीचं. त्याच्या .22 लाँग रायफल काडतुसाची (नाव रायफलचं, पण पिस्तुलातही चालतं) नेहमीची गोळी 2.6 ग्रॅमची. छोट्या पिस्तुलांमध्ये सर्रास दिसणारी .380, म्हणजे नऊ एमएम शॉर्ट, तिची गोळी सहा ग्रॅमच्या वर. दोघींच्या वेगात फार अंतर नाही, म्हणजे धक्का मुळातच दुपटीहून जास्त. आता तो झेलायला माझ्या .22 कडे किलोभर धातू आहे आणि त्या छोट्याकडे जेमतेम सहाशे ग्रॅम. गुणाकार-भागाकार करून बघा, छोटं पिस्तूल हातात तिपटीहून जास्त वेगाने मागे येतं. हलकं पिस्तूल उचलायला सोपं असतं, झाडायला नाही. दुकानात आपण ते फक्त उचलून बघतो, तिथेच फसगत होते.

नेम धरण्याचंही तसंच. पुढची आणि मागची साइट (नेम धरायच्या खुणा) यांच्यात 10 सेंटिमीटर अंतर असेल आणि पुढची साइट एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर भरकटते. तेच अंतर 20 सेंटिमीटर असेल तर चूक निम्मी होते. लांब नळी दिमाखासाठी नसते.

आणि ज्यांना माझ्या मनगटाची काळजी वाटते त्यांच्यासाठी सांगते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 10 मीटर एअर पिस्तूल (हवेच्या दाबावर चालणारं) 1500 ग्रॅमपर्यंत चालतं आणि 25 मीटरचं .22 पिस्तूल 1400 ग्रॅमपर्यंत. बायकांसाठी वेगळी, हलकी मर्यादा नाही. चांगली एअर पिस्तुलं किलोच्या आगेमागे असतात. ती एका हाताने धरून 75 मिनिटांत 60 गोळ्या मारायच्या, पुरुषांनीही आणि बायकांनीही. पॅरिसला 2024 मध्ये मनू भाकरने कांस्य जिंकलं ते याच प्रकारात. तिला कुणी विचारलं असेल का, की बाळा, हलकं नाही का मिळालं?

(चिडचिड होते लिहिताना. होऊ दे.)

आता मूळ गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी या विषयावर एवढी का तापते ते कळणार नाही.

पहिल्यांदा रेंजवर गेले तेव्हा पिस्तूल मी निवडलं नव्हतं, माझ्यासाठी निवडलं गेलं. माझ्यापुढे एक दणकट माणूस उभा होता. काउंटरवरच्याने त्याला विचारलं, आधी कधी नेमबाजी केली आहे का, किती अंतरावर मारायचंय, चष्मा लावूनच मारणार का. तो म्हणाला, पहिलीच वेळ आहे. त्याला लांब नळीचं .22 मिळालं, शिकायला सोपं म्हणून. मग माझी पाळी आली. मला एकही प्रश्न नाही. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि काचेखालचं सगळ्यात लहान .380 काढून पुढे ठेवलं. मी पण नवखीच होते. तेवढं विचारायचीही त्याला गरज वाटली नाही.

खरं सांगायचं तर पिस्तूल दिसायला गोंडस होतं आणि मला ते आवडलं. आपल्याला काय हवं ते या माणसाने न विचारता ओळखलं, असंच वाटलं.

लेनमध्ये उभी राहिले, सांगितल्याप्रमाणे गोळ्यांचं मॅगझिन मुठीत सरकवलं आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, मागे ओढायला गेले. ती हलेना. पुन्हा ओढली, बोटं घसरली. आज मला त्याचं कारण माहीत आहे. त्या जातीच्या पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. मागे येणारा सगळा रेटा फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांनी थोपवायचा असतो. स्लाइड छोटी, म्हणून स्प्रिंग कडक. पूर्ण आकाराच्या नऊ एमएममध्ये काडतूस जास्त ताकदीचं असूनही स्लाइड पुष्कळदा सहज ओढली जाते, कारण तिथे नळी आणि स्लाइड क्षणभर अडकून एकत्र मागे येतात. हे तिथे कुणी सांगितलं नाही. मागे दोघं-तिघं हसले. वाईट हेतूने नाही, लहान मुलाला डब्याचं झाकण उघडत नसलं की हसतात तसं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. काउंटरवरचा आला, माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, स्लाइड ओढली, खबरदारी म्हणून घोडा (ट्रिगर नव्हे, मागची आपटणारी हातोडी) खाली उतरवला आणि परत दिलं. वर म्हणाला, जोर कमी पडतोय, येईल हळूहळू.

घोडा उतरवलेला असल्यामुळे पहिल्या गोळीला ट्रिगरनेच घोडा मागे ओढायचा आणि सोडायचा. अशा पिस्तुलांत त्याला पाच किलोच्या घरात जोर लागतो. सहाशे ग्रॅमची वस्तू स्थिर धरून तिच्यावर पाच किलोने ओढायचं, हे कुणाला जमेल? माझं बोट ट्रिगरवर टेकत होतं ते टोकाने. त्याने ओढला जाईना, म्हणून मी मुठीवरचा हात फिरवला आणि वर चढवला, बोटाला जास्त पकड मिळावी म्हणून. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस स्लाइडच्या वाटेत आलं. गोळी सुटली. स्लाइड मागे आली आणि तिथून दोन समांतर रेघा काढून गेली. आधी पांढऱ्या दिसल्या, मग लाल झाल्या.

गोळी कागदाला लागलीच नव्हती. माझं लक्ष मात्र हाताकडे नव्हतं, मागच्या लोकांकडे होतं. त्यांनी पाहिलं का? मी हात वळवून रेघा लपवल्या आणि पुढची गोळी मारली. त्याच्या पुढचीही. मॅगझिन संपेपर्यंत मारत राहिले, प्रत्येक वेळी ट्रिगर ओढण्याआधी डोळे मिटून. पिस्तूल ठेवलं तेव्हा मुठीवर रक्त होतं. काउंटरवरच्याने पट्टी दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, बायकांना जरा वेळ लागतो.

शेजारच्या लेनमध्ये तो दणकट माणूस आरामात मारत होता. त्याचा कागद मला दिसत होता. सगळी भोकं काळ्यात नव्हती, पण सगळी कागदावर होती. त्याने माझ्या पट्टीकडे पाहिलं, काउंटरवर विचारून घेतलं आणि मला म्हणाला, यातल्या थोड्या उरल्यात, मारणार का? मला नाहीच म्हणायचं होतं. त्या पिस्तुलाला वरून सरकणारी स्लाइड नव्हती. मागच्या दोन कानांना चिमटीत धरून बोल्ट, म्हणजे आतला सरकणारा दांडा, ओढायचा, बस्स. ओढला गेला. पिस्तूल जड होतं, हात थरथरत होता, पण थरथर संथ होती, साइट कुठे चाललीये ते दिसत होतं. ट्रिगर सुटला तेव्हा पिस्तुलाने नुसती मान हलवली. पाचही गोळ्या कागदावर लागल्या.

हे "आणि मग मला नेमबाजीचं प्रेम जडलं" अशा वळणाने जात नाही. मी घरी गेले आणि बराच काळ तिकडे फिरकले नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, माझ्यात जोर नाही हो. हातावरच्या रेघा भरल्या तरी हे वाक्य टिकून राहिलं. परत गेले ती केवळ त्या पाच गोळ्यांमुळे. जोर नव्हता तर त्या कशा लागल्या, याचं उत्तर मला मिळत नव्हतं.

तेव्हाची मी त्या काउंटरवरच्या माणसाची बाजू घ्यायची. म्हणायची, त्याने चांगल्या मनानेच दिलं, लहान हाताला लहान पिस्तूल, यात त्याचं काय चुकलं? आताची मी म्हणते, चांगलं मन असेल, पण एक प्रश्न विचारायला काय हरकत होती? त्यावर ती जुनी म्हणते, तू तरी कुठे विचारलंस? हा वाद आमच्यात अजून चालू आहे. कधी ती जिंकते, कधी मी.

लहान हाताचा मुद्दा खोटा आहे असं मात्र मी म्हणत नाही. हात लहान असेल तर बघायचं ते मुठीच्या मागच्या भागापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. पिस्तूल मनगटाच्या सरळ रेषेत धरून तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर नीट बसली पाहिजे, आणि बाकीचं बोट पिस्तुलाच्या अंगाला घासता कामा नये. एवढं जमलं तर पिस्तूल तुमच्या मापाचं, मग नळी कितीही लांब असो. .22 चं काडतूस बारीक, मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेलं, त्यामुळे मूठही बारीक राहते. दुहेरी रांगेच्या मॅगझिनचं नऊ एमएम लांबीला आखूड असलं तरी मुठीत लठ्ठच. माझ्याकडे आहे ते रुगर मार्क 4, पाच-साडेपाच इंच जाड नळीचं. 1949 च्या रुगरच्या पहिल्या पिस्तुलाचं हे वंशज. आधीची पिढी खोलून साफ केल्यावर पुन्हा जोडताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. 2016 च्या या पिढीत मागचं एक बटण दाबलं की ते उघडतं. मी ते घेतलं त्याला हे कारणही पुरेसं होतं. ट्रिगर दोन किलोच्या आसपास, म्हणजे फार अप्रतिम वगैरे नाही. पण किलोभर वजनाला दोन किलोची ओढ, हे प्रमाण माझ्या बोटाला समजतं.

आता तुमच्या बाजूचंही बोलते. हो, खांदा भरून येतो. सत्राच्या शेवटी माझ्या गोळ्या खाली उतरायला लागतात, आणि त्याला वजन हेच कारण आहे. .22 अधूनमधून फुटतच नाही, कारण तिची ठिणगी काडतुसाच्या कडेतल्या दारूवर अवलंबून असते. मग पिस्तूल लक्ष्याकडे तसंच रोखून अर्धा मिनिट थांबायचं, ती उशिरा फुटते की काय याची वाट बघत. काडतुसांच्या बाबतीतही नखरे फार, एका कंपनीची सुरळीत चालते आणि दुसरीची दर मॅगझिनला अडकते. आणि डोळे मिटण्याची ती पहिल्या दिवसाची खोड पूर्ण गेलेली नाही. मध्ये एकदा कुणीतरी नऊ एमएम हातात दिलं, चांगलं, मोठं, वजनदार. पहिल्या गोळीला माझ्या पापण्यांनी जुना हिशेब काढलाच. मग जड पिस्तुलाने मला बरं केलं की नुसतं सांभाळून घेतलं, हे मला सांगता येणार नाही.

आणि आणखी एक, जे मला आवडत नाही पण लपवणार नाही. आमच्या रेंजवर एक मुलगी येते, माझ्याहून बारीक. तिच्याकडे पॉलिमरचं आखूड, हलकं नऊ एमएम आहे, मी ज्याच्याविरुद्ध एवढं लिहिलं जवळजवळ तसंच. ती माझ्यापेक्षा चांगलं मारते. तिचा गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, मुठीएवढा पडतो, माझा पसरतो. मी तिला माझी सगळी गणितं सांगितली आहेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाली, "बरोबर असेल मावशी," आणि पुढचं मॅगझिन भरायला घेतलं. माझं म्हणणं असं की तिच्या हातात .22 दिलं तर ती आणखी चांगलं मारेल. तिचं म्हणणं, तिला ते कंटाळवाणं वाटतं. तेव्हा छोटं पिस्तूल का घेऊ नये ते मला विचारा, का घ्यावं ते तिला विचारा. फक्त आमच्या दोघींच्या हातांकडे बघून ठरवू नका.