गालांवरचे खड्डे आणि सुयांचं पेन : सोलापुरातला माझा अनुभव

कॉलेजात असताना पिंपल्स आले, नोकरी लागेपर्यंत गेले आणि जाताना दोन्ही गालांवर खड्डे सोडून गेले. मी एका युनिफॉर्म बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे चेहऱ्यावर पोट अवलंबून नाही. पण लग्नाचं बघायला सुरुवात झाली आणि 'चांगला फोटो पाठवा' हा निरोप दर आठवड्याला यायला लागला.

मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचून घ्यायचा उपचार, हा शब्द मी पहिल्यांदा एका सलूनमध्ये ऐकला. पॅकेज घ्या, चेहरा गुळगुळीत, डाग गायब, केसही दाट. सुई किती आत जाते असं विचारल्यावर उत्तर आलं, "मशीन इंपोर्टेड आहे, सर." एवढ्या उत्तरावर चेहरा कोण देणार? रेल्वे लाइन्स भागातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नंबर लावला.

त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि गालावर बाजूने टॉर्च मारला. समोरून उजेड पडला की खड्डे लपतात. तिरका पडला की एकेकाची सावली दिसते. मग दोन बोटांनी गाल ताणून आरसा माझ्या हातात दिला. काही खड्डे ताणल्यावर चक्क नाहीसे झाले, काही तसेच राहिले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो होता, आणि त्यात सुईचा काही संबंध नव्हता.

मुरमांचे खड्डे ढोबळमानाने तीन जातींचे. ताणल्यावर दिसेनासे होतात ते पसरट, उथळ, 'रोलिंग'. गादीला टाका घातला की तिथे खळगा पडतो ना, तसे त्वचेखालचे तंतू वरच्या थराला आत ओढून धरतात. दुसरे 'बॉक्सकार', कडा सरळ कापल्यासारख्या आणि तळ सपाट. तिसरे 'आइस पिक', तोंड दोन मिलिमीटरपेक्षाही अरुंद, पण खाली निमुळते होत खोल गेलेले. माझ्याकडे तिन्ही होते, त्यात रोलिंग जास्त. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रोलिंगवर आणि उथळ बॉक्सकारवर फरक पडेल. आइस पिकच्या तळापर्यंत आपली सुई पोचत नाही, त्यांच्यासाठी हे करून घेऊ नका." आणि काळपट ठिपके? ते खड्डे नव्हेतच. मुरूम बसल्यावर मागे राहिलेला तो रंग, उन्हापासून जपलं तर बराचसा आपोआप फिका होतो. अनेकजण त्या डागांसाठीच सुया टोचून घेतात, असं त्या म्हणाल्या.

मग प्रश्नांची सरबत्ती. सध्या पिकलेले पिंपल्स आहेत का? असले तर आधी ते बरे करायचे, कारण सुई जंतू गालभर पसरवते. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, रक्त पातळ करणारं औषध आहे का, ओठांवर तापाचे फोड येतात का, जखम भरल्यावर तिथे गाठीसारखा फुगीर व्रण येतो का? शेवटच्या प्रश्नावर त्यांनी माझ्या गुडघ्यावरची जुनी खूण स्वतः बघितली. ज्याला असा फुगीर व्रण, म्हणजे केलॉइड, येतो त्याला मुद्दाम जखम करणं परवडत नाही. आणि हा उपचार म्हणजे मुद्दाम केलेली जखमच आहे.

आईला हे समजावताना माझी दमछाक झाली. "गोंदवून घेतलं तर निदान काही उमटतं तरी. हे नुसतंच टोचून घ्यायचं, आणि वर पैसे द्यायचे?" गंमत म्हणजे आईचं बोलणं इतिहासाला धरून होतं. कॅनडातले प्लास्टिक सर्जन कॅमिरांड यांनी १९९७ मध्ये डूसे यांच्याबरोबर लेख लिहिला, त्यात शस्त्रक्रियेच्या व्रणांवर टॅटूचं मशीन शाई न भरता चालवल्याची हकिकत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डेसमंड फर्नांडिस यांनी पुढे सुयांचा रोलर केला, आणि आता विजेवर चालणारं पेन आलं. तत्त्व तेच राहिलं. सुया वरच्या थरातून खालच्या थरात जातात, बारीक रक्तस्राव होतो, रक्तातल्या प्लेटलेट्स वाढीचे घटक सोडतात, त्यांच्या हाकेवर फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, विणायला लागतात. आधी घाईघाईचं, तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन; पुढे काही महिन्यांत त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं, मजबूत. म्हणून आठवडाभरात आरशात काही शोधू नये.

लेझरचं विचारलं होतं. आपल्या सावळ्या कातडीवर लेझरच्या उष्णतेने काळे चट्टे उठायची भीती जास्त असते. सुया वरचा थर काढून टाकत नाहीत, नुसती छिद्रं पाडतात, म्हणून हा धोका कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि सोलापूरच्या उन्हात तर नव्हेच.

सिटिंगच्या दिवशी चेहरा धुऊन बधिर करायचं क्रीम लावलं, लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के. वरून पातळ प्लास्टिक. ते घेऊन तासभर बसायचं. चेहरा दातांच्या डॉक्टरकडे होतो तसा जड झाला की क्रीम पुसून जंतुनाशक. नर्सने कार्ट्रिजचं, म्हणजे पेनाला लावायच्या सुयांच्या टोकाचं, सीलबंद पाकीट मला दाखवून फाडलं. हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःचं रक्त लावून सुया मारायचं 'व्हॅम्पायर फेशियल' घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं. पाकीट फाडायला लागतात दोन सेकंद. ते डोळ्यांसमोर फाडायला सांगण्यात लाजायचं काय?

पेन चालू झालं की बारीक घरघर येते. उभं, आडवं, तिरकं असं फिरवतात. गालाच्या मांसल भागावर दीड मिलिमीटर, कपाळावर त्याहून बरंच कमी, कारण खाली लगेच हाड. गालांवर नुसतं खरवडल्यासारखं वाटलं. वरच्या ओठाजवळ मात्र डोळ्यांतून पाणी आलं, ते दुःखाचं नाही, आपोआप येतं. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले की तो भाग झाला. जास्त रक्त म्हणजे जास्त फायदा, असा काही हिशेब नाही. सलाईनमध्ये भिजवलेली गार गॉझ ठेवली तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी मित्राने बघितलं आणि म्हणाला, "काय बे, भट्टीत तोंड घातलास काय?" चेहरा लालबुंद आणि आतून गरम. दोन-तीन दिवसांत लाली उतरली, मग बारीक कोंड्यासारखी साल निघाली.

या दिवसांत काय लावायचं यापेक्षा काय लावायचं नाही हे जास्त आहे. छिद्रं मिटेपर्यंत जे चोपडाल ते थेट आत जातं. त्यामुळे व्हिटॅमिन सी सिरम, रेटिनॉल, ॲसिडवाले फेसवॉश, आईचा हळद-बेसनाचा लेप, सगळं बंद. सुया मारताना व्हिटॅमिन सीसारखी सौंदर्यप्रसाधनं लावल्याने चेहऱ्यावर गाठी उठल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मला फक्त साधं मॉइश्चरायझर, आणि दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन. ते सकाळी लावून भागत नाही, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. कारखान्यात सगळ्यांसमोर गालाला क्रीम चोळताना सुरुवातीला चेष्टा झाली, मग दोघांनी ट्यूबचं नाव विचारलं.

दोन सिटिंगमध्ये महिना ते दीड महिना जातो. आमची सुरुवात दिवाळीनंतर झाली, कारण डॉक्टर एप्रिल-मेमध्ये नवीन पेशंटला हात लावत नाहीत. पारा चाळिशीच्या वर आणि मी दुचाकीवर; तोंडाला रुमाल बांधला तरी ऊन लागतंच. जानेवारीत गड्ड्याची जत्रा आली. नंदीध्वजांची मिरवणूक मी चुकवत नाही, आणि त्या गर्दीत धूळ, घाम, दिवसभर ऊन. तेव्हाची तारीख डॉक्टरांनीच पुढे ढकलली.

खर्च दर सिटिंगला अडीच-तीन हजार. विमा असल्या उपचाराला सहसा पैसे देत नाही. मधल्या काळात आतेबहिणीने ऑनलाइन मागवलेला रोलर मला दाखवला, सुया पाव मिलिमीटरच्या. तेवढ्याने क्रीम थोडं जास्त मुरेल, खड्डा भरणार नाही. आणि भरेल एवढ्या लांब सुयांचा रोलर बाथरूममध्ये स्वतःच्या हाताने फिरवायचा, हे धाडस करू नये. तिने विचारलं, मग हे सरकारमान्य तरी आहे का? एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये पहिल्यांदा अशा पेनाला परवानगी दिली ती २२ वर्षं आणि त्यावरच्या माणसांच्या चेहऱ्यावरच्या मुरमांच्या खड्ड्यांसाठी. सलूनमधल्या त्या लांबलचक यादीशेजारी ही ओळ ठेवून बघावी.

फरक? उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी पुन्हा दिवा मालवून टॉर्च मारला आणि जुना फोटो शेजारी धरला. उजव्या गालावरचे रोलिंग खड्डे निम्म्याने तरी उथळ झालेत असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, निम्म्याहून थोडं कमी धरा. डाव्या गालावर दोन-तीन हट्टी आहेत, तिथे सुईने खालचे तंतू कापून मोकळे करायचे, त्याला सबसिजन म्हणतात. आइस पिक जिथल्या तिथे, एकही हललेला नाही. त्यांच्यासाठी टोकदार काडीने प्रत्येक खड्ड्यात तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा थेंब टेकवायचा, खपली धरायची आणि पडायची. तेही उन्हाळ्यात नको. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे, आणि स्थळांना पाठवायचा फोटो सध्या समोरून काढलेलाच आहे.