तुम्ही विचारलंत म्हणून : खाण बंद झाल्यावर तिच्या धरणाला कशाची भीती?

खाणींतील गाळाच्या धरणांची सुरक्षितता तपासणे हे माझे काम होते, असे कोल्हापुरात कोणाला सांगितले की एक प्रश्न हमखास येतो. राधानगरीहून आलेल्या एका पाहुण्यांनी तो अलीकडेच पुन्हा विचारला : “खाण बंद झाली, यंत्रं गेली, माणसं घरी गेली, मग त्या बांधाला आता कशाची भीती?” या प्रश्नाला मी कधीही घाईने उत्तर देत नाही, कारण बंद पडलेल्या धरणाखालीच शेकडो माणसे गाडली गेली आहेत.

आपल्याकडे हा विषय अपरिचित राहिला, याला कारण आहे. राधानगरी आणि शाहूवाडीच्या सड्यांवरून निघणारे बॉक्साइट ट्रकमध्ये भरून जिल्ह्याबाहेर जाते आणि त्यापासून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचा कच्चा माल, काढताना उरणारा तांबडा चिखल कारखान्याच्या जागी साठतो. हंगेरीत आयका येथे 4 ऑक्टोबर 2010 रोजी अशाच तांबड्या चिखलाच्या तलावाचा बांध फुटला आणि दहा माणसे दगावली. इतर अनेक खाणींत मात्र धातुक तिथेच दळतात, खनिज काढून घेतात आणि उरलेला पिठासारखा बारीक चोथा पाण्यासह नळातून बांधाआड सोडतात. या चोथ्याला टेलिंग्ज म्हणतात.

पाहुण्यांच्या मनात धरण म्हणजे राधानगरीचे धरण होते. त्या धरणात पाणी वाढले की सात स्वयंचलित दरवाजे उघडतात, पाणी भोगावतीत उतरते आणि भिंतीवरचा भार हलका होतो. टेलिंग्जच्या धरणाला अशी सोय नसते. वर साठलेले पाणी सांडव्यावाटे काढता येते, पण गाळ तिथेच राहतो आणि गाळाच्या कणांमध्ये अडकलेले पाणी वर्षानुवर्षे निथळत असते. खाण बंद झाली म्हणून हे पाणी लगेच नाहीसे होत नाही. पाऊस तर दरवर्षी पडणारच असतो.

ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे हेच घडले. तिथले लोहखनिजाच्या खाणीचे धरण 1976 पासून टप्प्याटप्प्याने 86 मीटर उंच करत नेले होते आणि प्रत्येक नवा टप्पा आधीच्या गाळावर, आतल्या बाजूला सरकवून रचलेला होता. याचा अर्थ असा की भिंतीचा बराच भाग ज्या गाळाला अडवायचे त्याच गाळावर उभा होता. 2016 नंतर तिथे नवा गाळ सोडणे थांबले, पण आतून निचरा होण्याची व्यवस्था अपुरी असल्याने पाण्याची पातळी म्हणावी तशी उतरली नाही. 25 जानेवारी 2019 रोजी, ऐन जेवणाच्या वेळी, ती भिंत काही सेकंदांत कोसळली आणि 270 माणसांचा जीव गेला. त्या दिवशी भूकंप झाला नव्हता, धरणावरून पाणीही वाहिले नव्हते, आणि धरण स्थिर असल्याचे प्रमाणपत्र कागदोपत्री होते. तज्ज्ञांच्या समितीने नंतर कारण दिले ते असे : सैल, भिजलेल्या गाळाचे कण लोहाच्या ऑक्साइडने एकमेकांना चिकटल्यामुळे तो कडक पण ठिसूळ झाला होता, सततच्या भाराखाली तो अगदी सावकाश सरकत होता आणि त्यात मोठ्या पावसाची भर पडली. असा गाळ मोडला की त्याचा एकदम द्रव होतो. म्हणूनच भिंतीच्या पृष्ठभागावर आधी ठळक हालचाल दिसली नाही.

धोक्याची प्रतवारी करताना आम्ही भिंतीच्या ताकदीआधी दरीत उतरतो. बांध फुटला तर गाळ कोठवर जाईल, त्या वाटेवर कोणती घरे, शाळा आणि विहिरी आहेत, हे पाहून धरणाचा वर्ग ठरतो. ब्रुमाजिन्योत खाणीचे कार्यालय आणि भोजनगृहच त्या वाटेवर होते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेले की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे कोल्हापूरकरांना पाठ असते, कारण त्या आकड्यांवर कोणी केव्हा घर सोडायचे हे ठरते. टेलिंग्जच्या बाबतीत तेवढीही सवड मिळेल असे धरून चालता येत नाही.

टेलिंग्जच्या धरणांसाठी ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या जागतिक मानकाने पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच दिले आहे. फुटल्यास सर्वांत कमी हानी होईल अशा वर्गातील धरण चालू असताना 200 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला टिकावे, अशी अपेक्षा आहे. मात्र खाण बंद होऊन देखरेखीला माणूस उरला नाही, की त्याच धरणाने 10,000 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला टिकले पाहिजे. मला हा नियम अतिशय योग्य वाटतो. 200 वर्षांच्या पुरासाठी बांधलेले धरण शंभर वर्षे उभे राहिले, तर त्या काळात तसा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता जवळजवळ 40 टक्के असते; आणि बंद धरण तर शंभर वर्षांनीही तिथेच असणार.

नोकरीच्या सुरुवातीला एका बंद खाणीवर मला पिझोमीटरच्या नोंदींची वही दाखवण्यात आली. गाळातील पाण्याचा दाब समजावा म्हणून बांधात पुरलेल्या त्या नळ्यांचे आकडे सलग दोन पावसाळे एकाच ठिकाणी होते आणि वहीवर “स्थिर” असा शेरा होता. मला संशय आला म्हणून आम्ही नळीत बादलीभर पाणी ओतले. संध्याकाळपर्यंत ते बोटभरही उतरले नाही. नळीचे खालचे तोंड केव्हाच गाळाने बुजले होते. वही लिहिणारा माणूस प्रामाणिक होता. त्याला नळी वाचायला शिकवले होते, ती तपासायला कोणी शिकवले नव्हते. त्यानंतर कोणत्याही बंद धरणावर गेलो, की वही उघडण्याआधी मी पाण्याची बादली मागवत असे.